उपग्रह आहेत, मग बातमीदार कशाला?
उपग्रहचित्रं आणि लोकांच्या मोबाईलमधले व्हिडिओ मिळत असताना बातमीदाराने तोफांच्या तोंडी का जावं, हा या चर्चेत वर मांडलेला मुद्दा मला पटत नाही. व्हिडिओ आला की समोरचा पक्ष 'बनावट आहे' म्हणून मोकळा होतो. युद्धभूमीवरून बातम्या देणाऱ्या पत्रकार मेरी कोल्विनचं नाव इथे अजून कुणी घेतलं नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये ती चोरवाटेने सीरियातल्या होम्स शहरात, बाबा अम्र भागात शिरली. आम्ही फक्त दहशतवाद्यांवर मारा करतोय, असं सरकार सांगत होतं. २१ तारखेला तिने बीबीसी, सीएनएनवर डोळ्यांदेखत गेलेल्या एका बाळाबद्दल सांगितलं आणि तो दावा धादांत खोटा ठरवला. दुसऱ्याच सकाळी पत्रकारांच्या आसऱ्याच्या जागेवर तोफगोळे पडले. ती आणि फ्रेंच छायाचित्रकार रेमी ओश्लिक, दोघंही गेले. ओश्लिक अवघा २८ वर्षांचा होता. २०१९ साली अमेरिकी न्यायालयाने तिची हत्या ठरवून केली गेल्याचं म्हणत सीरिया सरकारला ३० कोटी डॉलरहून जास्त भरपाईचा आदेश दिला.

अशा कामात बातमीदाराच्या जिवाला जोखीम असते, असं इथे ज्यांनी लिहिलंय त्यांच्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. फक्त त्यात स्थानिक माणसंही धरा. त्या माऱ्यात तिचा सीरियन दुभाषाही जखमी झाला होता.