जुने फोटो कापू नका, कडा तशाच राहू द्या

सचिव: नमस्कार मंडळी. १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनानिमित्त खालच्या हॉलमध्ये घराघरांतले जुने फोटो लावायचे ठरले आहे. रविवारपर्यंत इथे टाका. सोबत दोन ओळींची माहिती हवीच.

ओंकार (ए-२०२): आमचे आजोबा, बेतीच्या फेरीबोटीवर. बाजूची गर्दी कापली आणि ॲपमध्ये रंग भरले. साल १९६५ च्या आसपास असावं, पूल व्हायच्या आधीचं.

सर (बी-१०४): ओंकार, न कापलेला मूळ फोटो टाक बघू.

ओंकार: हा घ्या, सर.

सर: आता डावीकडे खाली बघ. तू कापलेल्या भागात गाडीचं तोंड दिसतंय, ती मारुती ८०० आहे. ती रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये. मग पूल असताना फेरीला एवढी झुंबड कशाला? कारण ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि आपली पर्वरी पुन्हा फेरीबोटीवर आली. फोटो कृष्णधवल आहे म्हणून तो साठच्या दशकातलाच असेल असं नाही. तुझे आजोबा त्या हालाच्या दिवसांत रोज कामावर जाणारे गृहस्थ आहेत, हे त्या गर्दीमुळे कळतं. गर्दी कापलीस तर उरतो फक्त रेलिंगला टेकलेला एक माणूस.

मावशी (सी-३०१): अगदी खरं. तेव्हा मी पणजीला नोकरीला होते. पावसात छत्रीला छत्री लागायची, आणि बोट धक्क्याला लागायच्या आत माणसं उड्या मारायची.

सर: मावशी, हेच फोटोखाली लिहायचं. तुमच्याच शब्दांत.

सचिव: आमच्या घराण्यातल्या लग्नाचा हा एक, फोंड्याकडचा. यालाही आमच्या मुलाने रंग भरलेत. मूळ फोटोही टाकतो.

सर: सचिवसाहेब, हा फोटो फार मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी छप्पर बघा. डावीकडे अर्धगोल नळे, उजवीकडे सपाट मंगळुरी कौलं. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ही कौलं किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. म्हणजे या घराची कौलं बदलण्याचं काम अर्ध्यावर असताना लग्न निघालं, किंवा पैसे तेवढेच होते. आता माणसं. नवरदेवाच्या अंगावर कोट, डोक्याला पागोटं, पायांत बूट. बायका नऊवारीत, दागिने घालून खुर्च्यांवर. आणि अगदी उजव्या कडेला, खांबाला लागून, अनवाणी उभी आहे ती बाई. कापड गुडघ्यापर्यंत, खांद्यावर गाठ मारलेली, चौकटी स्पष्ट दिसतात. हे कुणबी कापड. ते लाल चौकटींचं असायचं, ॲपने निळं करून टाकलं. कुणी शंभर वर्षांनी पाहिलं तर निळंच खरं मानेल. म्हणून कळकळीने सांगतो, रंग भरलेली प्रत हॉलमध्ये लावू नका.

सचिव: मागे सगळ्यांची नावं आहेत. तिचं नाही. आईला एवढंच आठवतं की ती आमच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, कामाला होती.

सर: आईंना आजच विचारा, ती कुठल्या वाड्यावरची, घरात तिला काय म्हणून हाक मारायचे. जे मिळेल ते लिहू. लग्नाच्या फोटोत तिला उभं केलंय, मग मथळ्यातही तिची जागा हवी.

प्रिया (बी-३०३): आमच्याकडे पणजोबांच्या मराठी शाळेचा आहे. पाट्या हातात, मास्तर मध्ये.

सर: नक्की टाक. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि इथल्या हिंदूंना मोकळा श्वास घेता आला, नंतर अशा शाळा वाढल्या. पाटीवर अक्षरं दिसत असतील तर मोठं करून बघ.

ओंकार: संमोहनविद्येसाठी प्रसिद्ध असलेल्या आबे फारियाच्या पणजीतल्या पुतळ्यासमोरचाही एक आहे आमच्याकडे.

सर: तो १९४५ नंतरचा, पुतळाच त्या साली बसला.

मावशी: माझ्याकडे चवथीचा आहे. गणपतीवर टांगलेली रानफळांची माटोळी इतकी भरगच्च की गणपतीचा मुकुट अर्धा झाकला गेलाय. माझ्या सुनेला त्यात फक्त नारळ आणि केळी ओळखता आली. मला कवंडळ दिसतं, कांगलां दिसतात, सुपारीची शिपटं तर आहेतच. ही फळं आणायला मुलं आदल्या दिवशी रानात जायची.

सर: मावशी, हा आधी स्कॅन करायचा. रानातलं काय काय माटोळीला लागायचं याची यादीच झाली ती.

प्रिया: आमचा फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहे. सोडवू का?

सर: मुळीच ओढू नकोस, फाटेल. पानासकट स्कॅन कर. आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा, मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

ओंकार: शनिवारी मी स्कॅनर घेऊन हॉलमध्ये बसतो. फोटो कुणी घरातून पाठवू नका, स्वतः घेऊन या आणि स्वतःच परत न्या. फेरीबोटीचा न कापलेला लावतो, साल १९८६ नंतरचं.

मावशी: मला जिने उतरवत नाहीत रे. तू वर ये दुपारी, वही घेऊन. फळांची नावं सांगते.