'इक्विटी': समानता, समता की समन्याय?

प्रश्न (यवतमाळ): आमच्या भागातल्या पाच-सहा लहान संस्था महिन्यातून एकदा एकत्र बसतात. अमेरिकेतल्या संस्था 'रेशियल इक्विटी'साठी एकमेकींकडून कसं शिकतात, यावरचा मजकूर मराठीत करतोय. एका सहकाऱ्यानं 'वांशिक समानता प्रशिक्षण' लिहिलं. मला तिन्ही शब्द खटकतात.

उत्तर १: दादा, 'वांशिक' राहू द्या. आपल्याकडे वंश म्हटलं की 'वंशाचा दिवा' आठवतो, हे खरं. पण संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये वंश आणि जात हे वेगवेगळे शब्द आहेत. अमेरिकेबद्दल लिहिताना वंश, आपल्या बैठकीत जात-जमात. एकाच्या जागी दुसरा घातला की दोन्हीकडचं दुखणं झाकलं जातं.

उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' आहे. बोलण्यात मात्र त्याचं 'सगळ्यांना सारखं' एवढंच होतं. 'समता' त्याहून भारी शब्द. डॉ. आंबेडकरांच्या समाज समता संघाच्या 1928 च्या पत्राचं नावच 'समता' होतं. समता हे गाठायचं ठिकाण. 'इक्विटी' म्हणजे तिथवर जाताना कोणाला किती हात द्यायचा याचा हिशेब. त्याला मी 'समन्याय' म्हणेन. 'समन्यायी पाणीवाटप' शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे.

प्रश्नकर्ता: ताई, पटलं. मागं एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, गेलो होतो. जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, नियम सगळ्यांना एकच. एक आजी म्हणाली, "तवाचा कागद कोनाजोळ रायते, बाबू?" तिच्या हाती नातवाचा शाळा सोडल्याचा दाखला होता, घामानं ओला झालेला. ही समानता होती. समन्याय नव्हता.

उत्तर २ (गडचिरोली): भाऊ, 'प्रशिक्षण' तर काढाच. त्यात एक शिकवणारा, बाकीचे ऐकणारे. मेंढा-लेखात ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालतो आणि निर्णय सर्वसहमतीनं होतात. याच गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. 'अभ्यासगट' म्हटलं की शिकलेला आणि न शिकलेला एकाच सतरंजीवर येतात. तुमच्या बैठकीत त्या आजीला बोलवा, दाराशी चपलांजवळ नाही, मधोमध बसवा.

प्रश्नकर्ता: मग 'वांशिक समन्यायासाठी संस्थांचा अभ्यासगट' असं करतो. पुढची बैठक पोडावरच घेऊ, आणि 'समन्याय'ला कोलामी शब्द आहे का, ते आजीलाच विचारतो.