मदत हवी आहे: मुलगा बेसबॉलमध्ये बॅट फिरवतच नाही (वय ११)

नमस्कार मंडळी. धागा 'खेळ' विभागात टाकतोय, 'पालकत्व'मध्ये हलवायचा असेल तर हलवा. क्रिकेटवाल्यांनीही वाचावा, कारण या घोळात क्रिकेटचा हात आहे असा मला संशय आहे.

आम्ही न्यू जर्सीत असतो. चिरंजीव गावच्या लीगमध्ये तिसऱ्या वर्षी खेळतायत. उजव्या हाताने बॅटिंग. फील्डिंग चांगली, सेकंड बेसवर एकही बॉल सुटत नाही. पण बॅट हातात आली की पुतळा. या सीझनमध्ये १९ वेळा बॅटिंगला आला. हिट २, वॉक (वाईट बॉल सोडून फुकट मिळालेला बेस) ४, बाकी १३ वेळा आउट. त्यातले ११ स्ट्राइकआउट (मारण्याजोगा बॉल सोडला किंवा हुकला की स्ट्राइक, तीन झाले की आउट), आणि त्या ११ पैकी ८ वेळा तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभा राहिला. स्कोअरबुकात स्ट्राइकआउटला इंग्रजी 'के' लिहितात आणि बॅट न फिरवता गेला तर तोच 'के' उलटा काढतात. आमच्या टीमचं स्कोअरबुक माझ्याकडे आहे. म्हणजे पोराचे उलटे 'के' बापच काढतो.

गेल्या वर्षी असं नव्हतं. यंदा वरच्या गटात गेला, तिथे १२ वर्षांची मुलं पिच करतात. एकाला तर मिसरूड फुटलंय. अंतर ४६ फूट, वेग ताशी ५० मैलांच्या वर, म्हणजे हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद.

आतापर्यंत काय केलं: अंगणात रोज टेनिस बॉल टाकतो, तिथे सगळे मारतो. केजमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, बॉल फेकणाऱ्या मशीनवरही ठीक मारतो. नवी बॅट आणली, ३१ इंची, २६ औंसांची, जरा वाढत्या अंगाची, म्हणजे पुढची दोन वर्षं बघायला नको. शिवाय मी साताऱ्यात शाळेकडून खेळलोय, तेव्हा माझ्याकडचं जे होतं ते दिलं: डोकं बॉलवर ने, पाय बॉलकडे टाक, बाहेरचा सोड, विकेट फेकू नकोस.

हो, एप्रिलमध्ये एकदा बरगडीत बॉल बसला होता, पण ते दोन दिवसांत विसरला.

आबा दर रविवारी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विचारतात, "किती रन काढले?" त्यांना कसं समजावणार? हल्ली रविवारी मुलाला नेमका गृहपाठ असतो.

खाजगी कोच लावावा का? अर्ध्या तासाचा जो दर सांगितला तो ऐकून मीच स्ट्राइकआउट. आणि सीझनच्या मध्यात बॅटिंगची पद्धत बदलावी का? खेळ सोडायचं तो म्हणत नाहीये.

—

चौथी स्लिप:
आपण जन्मभर आडवी बॅट म्हणजे पाप शिकलो. तिथे उभी बॅट म्हणजे पाप. काय बोलणार! तरी "विकेट फेकू नकोस" हे आधी बंद करा. आपल्याकडे एकदा दांडी गुल झाली की दिवसभर पॅव्हेलियनमध्ये बसायचं, म्हणून ती धास्ती. त्याला पाऊण तासात पुन्हा बॅटिंग मिळते.

—

दोन पिचर्सची आई:
तुम्ही सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटी आणि "हो," म्हणून टाकली आहे. बरगडीत बॉल बसला. ११ वर्षांचं मूल ते दोन दिवसांत विसरत नाही, आईबाबांना सांगणं बंद करतं. तुम्ही टाकता त्या टेनिस बॉलची भीती नाही, मशीन अंगावर येत नाही. मारता येत नाही असं नाहीच, मग उरलं काय? आपल्याकडे टेनिस बॉलवर षटकार मारणारी पोरं पहिल्यांदा सीझन बॉल खेळायला गेली की लेगला सरकायची, आठवतंय? तेच आहे हे.

एक बघा. पिच येताना त्याचा पुढचा पाय पिचरकडे पडतो की थर्ड बेसकडे, म्हणजे लेगला? थर्ड बेसकडे पडत असेल तर निदान झालं.

आणि एक विचित्र सल्ला: आधी त्याला बॉल लागायला शिकवा. टेनिस बॉल हळू अंगावर टाका. बॉल अंगावर आला की पुढचा खांदा कॅचरकडे वळवायचा, हनुवटी आत, बॅट खाली, आणि बॉल पाठीवर घ्यायचा. मुलं नेमकं उलटं करतात, छाती पिचरकडे उघडतात, म्हणून तर बरगडीत बसतो. पाठीवर घेता येतो हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते. माझ्या मोठ्याच्या बाबतीत हा खेळच झाला होता, "अजून टाक" म्हणायचा.

पायासाठी: टी (बॉल ठेवायचा स्टँड) लावा आणि त्याच्या टाचांमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. पाय मागे सरकला की टॉवेलवर पडतो, तुम्हाला बोलावं लागत नाही. (तुम्ही कमी बोललात तर उत्तमच.)

मशीन काही दिवस बंद करा. मशीनला हात नसतो. पिचरच्या हातातून बॉल कुठे सुटतो ते बघणं ही बॅटिंगची सुरुवात, आणि मशीनवर ती गाळलीच जाते. त्याऐवजी १५-१८ फुटांवरून तुम्ही टाका. प्लास्टिकचा भोकांचा बॉल असेल तर तसेच उभे राहा, खरा बॉल असेल तर एल-स्क्रीनच्या (टाकणाऱ्यापुढच्या जाळीच्या) आड. दातांचा खर्च कोचपेक्षा जास्त आहे.

आता बॅट. ३१ इंच, २६ औंस?! वाढत्या अंगाचा शर्ट घ्यावा, बॅट नाही. बॅट एका हातात बाजूला सरळ धरून त्याला ३० सेकंद उभं करा. दंड थरथरला, टोक खाली आलं की जड आहे समजा. त्या वयाला २९ इंच आणि १९-२० औंस पुरे. जड बॅट वेळेत येत नाही हे मुलाला आतून कळलेलं असतं, मग तो फिरवतच नाही. आणि बॅटवर यूएसए बेसबॉलचा शिक्का आहे ना? २०१८ पासून लिटल लीगच्या नियमाने लागतो.

—

डावरा:
वरच्या ताईंशी सहमत. फक्त "बाहेरचा सोड" यावर बोलतो. क्रिकेटमध्ये सोडलेल्या बॉलची किंमत शून्य. इथे प्लेटवरून (बॅट्समनपुढच्या जमिनीतल्या पाटीवरून) गेलेला मारण्याजोगा बॉल सोडला की एक तृतीयांश डाव गेला. तुमचा मुलगा "मारू का?" असं विचारत उभा आहे, आणि उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद संपतो. उलटं शिकवा. प्रत्येक बॉल मारायचाच आहे असं धरून निघायचं: पिचरने पाय उचलला की वजन मागच्या पायावर, बॉल यायच्या आत पुढचा पाय टेकलेला, आणि बॉल वाईट दिसला तरच थांबायचं. "हो, हो, हो... नको." हे "नको" शेवटी येतं. दोन स्ट्राइक झाले की बॅटच्या दांड्यावर हात इंचभर वर धरायचे, आणि जवळपासचं सगळं मारायचं. अंपायरच्या दयेवर राहायचं नाही.

पाय बॉलकडे टाकणं आणि डोकं बॉलवर नेणं, दोन्ही विसरायला लावा. इथे पुढचा पाय खुंटासारखा रोवतात आणि कंबर त्याच्याभोवती वळते. पुढे झुकून ड्राइव्ह मारायला गेला की जमिनीवरून मरतुकडा ग्राउंडर.

—

निवृत्त कारकून:
मला तांत्रिक काही कळत नाही, पण नातू खेळतो म्हणून वाचत असतो. विली मेज १९५१ साली विसाव्या वर्षी न्यू यॉर्क जायंट्सकडून मोठ्या लीगमध्ये आला. पहिल्या १२ वेळांत एकही हिट नाही. मग वॉरन स्पॅन या पिचरला एक होमरन, आणि पुन्हा शुकशुकाट. २६ वेळांत १ हिट! रडला बिचारा. मॅनेजर लिओ ड्युरोशर यांनी त्याला टीममध्येच ठेवलं. पुढे त्याच्या नावावर ६६० होमरन लागले. आबांना हे सांगा, त्यांना आवडेल.

—

चष्मेवाला:
डोळे तपासले का? माझ्या मुलाला शाळेच्या तपासणीत सगळं ठीक होतं, पण डॉक्टरांकडे नेल्यावर एका डोळ्याला नंबर निघाला. एक चक्कर मारून या.

—

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल मोबाइलवर व्हिडिओ काढला. पाय थर्ड बेसकडेच पडतोय, चांगला वीतभर. बॅट धरून १२ सेकंदांत टोक खाली. मी गाढव आहे. बॅटवर शिक्का मात्र आहे. डोळ्यांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली.

बरगडीचं विचारलं तर म्हणाला, "बाबा, लागण्याचं नाही, आवाज आठवतो."

—

दोन पिचर्सची आई:
अरेरे. टेनिस बॉलपासून सुरू करा. आणि तुम्ही गाढव नाही, सगळे वाढत्या अंगाचंच घेतात.

—

धागाकर्ता (१२ दिवसांनी):
डोळे ठीक आहेत. अंगावर बॉल घेण्याचा सराव सौ. टाकते, कारण मी टाकला की तो हसतच नाही. टॉवेल ठेवतोय. पाय आता दोन बोटं सरकतो, वीतभर नाही. सामन्यात मी तोंड उघडायचं नाही असं घरात ठरलंय. टीममधल्या एकाची २९ इंची, १९ औंसांची बॅट तात्पुरती मिळाली.

शनिवारी तीनदा बॅटिंगला आला. पहिल्यांदा स्ट्राइकआउट, पण तिन्ही वेळा बॅट फिरवून. सरळ 'के'. मग वॉक. तिसऱ्यांदा लागोपाठ चार फाउल (बॅटला लागून रेषेबाहेर), त्यातला एक आमच्या गाडीच्या दिशेने, आणि पाचवा शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या फील्डरच्या) हातात, जोरात. आउटच, पण डगआउटमध्ये पोरं उभी राहिली होती. आबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे रन किती?"

कोच सध्या लावत नाही. आता व्यवहाराचं: २९ इंची, १९ किंवा २० औंसांची, शिक्क्याची वापरलेली बॅट कोणाकडे आहे का? बदल्यात ३१ इंची, २६ औंसांची देतो. जेमतेम महिनाभर वापरलेली आहे, आणि त्यातही फार कमी वेळा बॉलला लागलेली.