मालदांडी ज्वारीचं माल्ट: ६५ अंशाला ठेवूनही खळच का होते?

जुळे_सोलापूरकर
घरी बिअर करायला शिकायचंय. बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) बाहेरून मागवावं लागतं, पण मंगळवेढ्याकडची मालदांडी पोतंभर घरातच आहे. मोड आणले, वाळवले, दळून ६५ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवले. झाली चिकट खळ, गोडवा नावालाच. बार्लीला हीच पद्धत चालते ना? मग चुकलं कुठं?

भरडा_जाड
आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळता येत नाही, त्यात बिअर आलीच. ‘घरच्यापुरती’ म्हणून सूट नाही. त्यामुळं यीस्ट घालण्याच्या आधी थांबा. तसंही बिअरची निम्मी विद्या माल्ट करण्यात आणि त्यातली साखर काढण्यात आहे. ते गोड पाणी आलं-लिंबू घालून तसंच प्यायला छान लागतं.

आता खळ का झाली ते. बार्लीचा स्टार्च साधारण ६० अंशाच्या आसपास फुलतो आणि त्याच तापमानाला तिची एन्झाइमं (मोडातली, स्टार्चची साखर करणारी द्रव्यं) काम करतात. ज्वारीचा स्टार्च फुलायला जवळपास ७० अंश लागतात. तिथवर तापवलं तर एन्झाइमं मरायला लागतात. ६५ ला ठेवलं तर स्टार्च अर्धाच उघडतो. म्हणून दोघांना वेगळं करायचं:

अर्धा किलो माल्टचा भरडा ४५ अंशाच्या ३ लिटर पाण्यात अर्धा तास भिजवा. न हलवता बसू द्या. वरचं निवळ सव्वा लिटर पाणी काढून बाजूला ठेवा, एन्झाइमं त्यातच उतरलीत. हे पाणी चुकूनही गॅसवर ठेवू नका. खालचा गाळ २० मिनिटं शिजवा, तळाला लागतो, हात थांबवू नका. मग ७५–८० अंशापर्यंत निवला की बाजूचं पाणी ओता. मिश्रण ६३–६६ च्या दरम्यान येतं. झाकण लावून पातेलं जाड सोलापुरी चादरीत गुंडाळा, दीड तास. ओतल्यावर दहा मिनिटांतच खळ पातळ व्हायला लागते, चमच्यावरून धार सुटते. नाही सुटली तर गाळ जास्त गरम होता.

झालं का ते असं बघा: पांढऱ्या बशीत चमचाभर काढा, टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, अजून अर्धा तास. तो नमुना फेकून द्या, परत पातेल्यात नको.

हुरडा_आणि_दही
वरचं सगळं बरोबर, पण माल्टच कच्चं असेल तर एन्झाइमं येणार कुठून? दोन दिवसांचे मोड उसळीला ठीक, माल्टला नाही.

आधी १०० दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघा. नव्वदाच्या खाली उगवले तर ती ज्वारी भाकरीलाच ठेवा. बोरिक पावडर लावलेली असेल तर चार-पाच पाण्यांनी धुवा. पेरणीच्या पिशवीतलं रंगीत बियाणं अजिबात नको, त्याला औषध चोळलेलं असतं. भिजवणं २० ते २४ तास, दर सहा तासांनी पाणी बदलून, मधे तासभर निथळत ठेवून. दाण्यालाही हवा लागते, नाहीतर आंबूस वास येतो. मग ओल्या गोणपाटावर दोन बोटं जाडीचा थर, ४ ते ५ दिवस. दिवसातून तीनदा पाणी शिंपडून उलथवा, नाहीतर मुळ्या गुंतून गादी होते आणि आतून तापते.

ज्वारीला २५–३० अंश मानवतात, बार्लीला पंधराच्या आसपास. म्हणजे आपली हवा ज्वारीच्या बाजूची! फक्त एप्रिल-मे टाळा, ४० च्या वर बुरशी मोडाच्या आधी येते. हिरवा-काळा डाग दिसला तर सगळा घाणा टाकून द्या, निवडत बसू नका.

वाळवताना पहिला दिवस सावलीत, मग ऊन. ओला माल तापलेल्या स्लॅबवर थेट पसरला की एन्झाइमं तिथंच संपली.

जुळे_सोलापूरकर
मी दोनच दिवस ठेवले होते, आणि थेट गच्चीवर वाळवले! आणखी एक: कोंब काढायचे की तसेच दळायचे?

हुरडा_आणि_दही
काढायचेच, भाऊ. ज्वारीच्या कोंबात धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते, ती ह्यामुळंच. कडकडीत वाळले की बारदानात घालून चोळा आणि सुपात पाखडा. मुळ्या-कोंब सगळे उडाले पाहिजेत. मगच भरडा, रव्यापेक्षा जाड. पीठ केलं तर गाळताना फडकं तुंबतं, ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं.

भरडा_जाड
आणि गाळलेलं पाणी झाकण न ठेवता अर्धा तास उकळा, उरलंसुरलं सायनाइड वाफेबरोबर जातं. थंड करून लगेच फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवा. बाहेर राहिलं तर आपल्या हवेत रात्रीतून फसफसतं. पिताना निम्मा सोडा घाला. चोथा म्हशीला चालतो, पाखडलेले कोंब मात्र तिच्या पुढ्यात टाकू नका.