लांबच्या ओळखीचा उपयोग

कामावर व्हॉट्सअ‍ॅप बंद केलं की जास्त काम होतं, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. मी रत्नागिरीत मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. ऐन हंगामात रात्री कॉम्प्रेसरच्या सीलमधून तेल गळायला लागलं. आमच्या ग्रुपवर फोटो टाकला. नुसते हात जोडलेले इमोजी आले. वेंगुर्ल्याच्या एका फिटरशी माझी लग्नाच्या पंगतीतली तेवढीच ओळख. त्याने व्हिडिओ कॉलवर कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा ते दाखवलं, आणि पहाटेच्या एसटीने सील पाठवलं. नोकरीची खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते, असं अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. अडचणीचंही तसंच! शेजारच्याला माझ्याइतकंच ठाऊक असतं. त्या फिटरचा नंबर आता मशीनरूमच्या दारावर खडूने लिहिलाय.