मदत हवी आहे : वाळवलेला रोहू पोटाकडून खवट होतोय

मालदीवच्या बेटांवर कुपा (ट्यूना) मासा मिठाच्या पाण्यात उकडून, धुरी देऊन उन्हात खडखडीत वाळवतात. बर्फाशिवाय महिनोन्महिने टिकतो. पैठणला नाथसागराच्या काठी भाव पडला की रोहू-कटला मातीमोल जातो, म्हणून बचतगटाच्या बायांसाठी अशीच रीत बसवायची आहे.

सध्या कल्ले काढून, पाठीतून चिरून, ४ किलो माशाला १ किलो खडेमीठ. रात्रभर वजनाखाली दाबून मग ३ फूट उंच जाळीवर. पाठ छान वाळते, पण पोटाची चरबी आठवडाभरात पिवळी पडून वास मारते. पोटाची पट्टी आधीच कापून ताजी विकावी का? धुरीला बाभूळ चालेल की चव कडवट होईल? आभाळ आलं की माश्या अंडी घालतात, त्याला मच्छरदाणी पुरते का? करून पाहिलेल्यांनी जरूर सांगा.