‘टू-फॅक्टर’ मराठीत कसं म्हणायचं: द्विस्तरीय की द्विघटक?

प्रश्न
नव्याने कोड लिहायला लागलेल्या मुलांसाठी गिटहब या कोड ठेवायच्या-वाटायच्या साइटच्या नियमाची माहिती मराठीत लिहितेय. कोड पाठवणाऱ्यांना ‘टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन’ लागणार, हे मे २०२२ मध्ये जाहीर झालं, १३ मार्च २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. सूचना आली की ते सुरू करायला ४५ दिवसांची मुदत. एवढं लिहून झालं, पण मूळ शब्दापाशीच अडलेय.

प्रतिसाद
‘द्विस्तरीय पडताळणी’. पेपरात तेच छापतात.

प्रतिसाद
छापतात, पण चुकतं. पासवर्डनंतर ‘पहिल्या शाळेचं नाव?’ विचारलं तर स्तर दोन झाले, फॅक्टर मात्र एकच राहिला. दोन्ही गोष्टी ठाऊक असण्यातल्याच. फॅक्टर म्हणजे पुराव्याची जात: ठाऊक असलेलं (पासवर्ड), जवळ असलेलं (फोन, यूएसबी किल्ली), अंगचं (बोटाचा ठसा). एटीएमचं कार्ड आणि पिन हे खरं टू-फॅक्टर. बँकेच्या लॉकरच्या दोन किल्ल्यांचं उदाहरण हमखास कोणीतरी देतं, तर ते नको. दोन्ही किल्ल्याच, त्यातली एक बँकेकडे.

म्हणून ‘द्विघटक’. रुक्ष आहे, पण बरोबर आहे.

प्रतिसाद
द्विघटक चालेल, पुढे ‘प्रमाणीकरण’ नको. भाषेच्या गप्पांत त्याचा अर्थ पार वेगळा. आपल्याकडे ‘ओळख पटवणे’ आहे की! बटणावर ‘ओळख पटवा’ सुटसुटीत बसतं.

आणि ‘अनिवार्य’ऐवजी ‘सक्तीचं’ लिहा. अनिवार्य म्हणजे ज्याचं निवारण होत नाही ते, मरणासारखं. इथे कोणीतरी सक्ती केलीय. कोणावर, तेही लिहा. पायपीआयने, म्हणजे पायथन भाषेतल्या तयार कोडच्या (पॅकेजांच्या) भांडाराने, १ जानेवारी २०२४ पासून खातेदारांना हेच लावलं. पण नुसतं पॅकेज उतरवून घ्यायला मुळात खातंच लागत नाही.

प्रश्नकर्ती
‘द्विघटक ओळख-पडताळणी’ ठरवते. वाक्यात ‘दोन प्रकारे ओळख पटवा’. आता फोन हरवला तर खात्यात शिरायला आधीच देऊन ठेवतात ते रिकव्हरी कोड? ‘पुनर्प्राप्ती संकेतांक’ लिहवत नाही.

प्रतिसाद
राखीव कोड. राखीव खेळाडूसारखे, अडल्यावर उतरवायचे. गिटहब सोळा देतं, एक कोड एकदाच चालतो. कागदावर उतरवून ठेवा म्हणावं. मी फोनमध्येच ठेवले होते. पावसाळ्यात फोन गेला, त्याच्यासोबत सोळाही.